पुढे नेहमीसारखे

आईच्या क्रोशाच्या वहीत तेवीस नमुने आहेत आणि त्यांतला एकही पूर्ण लिहिलेला नाही. सुरुवात मात्र नेटकी असते. उदाहरणार्थ, अकराव्या पानावरचे फूल : "६ सा. घालून गोल जोडा. पहिली फेरी : ३ सा. (हा पहिला खांब), गोलात १५ खां. दुसरी फेरी : ५ सा., मधला एक खांब सोडून पुढच्यावर १ खां., २ सा., असे फेरीभर. ८ घरे झाली पाहिजेत." सा. म्हणजे साखळी, खां. म्हणजे खांब. इथपर्यंत हिशेब चोख आहे. सोळा खांबांतून एकाआड एक घेतला की आठच घरे होतात. आणि मग, पाकळी जिथे सुरू व्हायची नेमकी तिथे, एवढीच ओळ : "पुढे नेहमीसारखे."

आई गेल्यावर पाच वर्षांनी मी ही वही उघडली. मी या विषयाची पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयातून जुनी पुस्तके आणून, शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचता आले ते वाचले, आणि चाळिशी उलटल्यावर क्रोशाची सुई हातात धरली. त्यामुळे 'नेहमीसारखे' म्हणजे कसे, हे मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रत्येक घरात तीन-तीन खांब घातले, तर फूल सपाट न बसता वाटीसारखे उभे राहिले. सहा-सहा घातले, तर त्याची झालर झाली. दोन्ही वेळा उसवले. तिसऱ्यांदा वही मिटून ठेवली आणि एका प्रश्नाच्या मागे लागले : विणकामाचा नमुना जेव्हा कागदावर येतो, तेव्हा त्यात काय लिहिले जाते, काय गाळले जाते आणि का? प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. तो करताना, याच विषयावर मी पूर्वी लिहिलेले एक विधान मला मागे घ्यावे लागले. तेही शेवटी सांगते.

१

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. परकराला लावायला दुकानातून मीटरवर आणतो तीही लेस आणि महिनाभर खपून हाताने करतात तीही लेस, असा आपला सैल व्यवहार आहे. हाताच्या लेसमध्ये मुख्य प्रकार दोन. एक सुईची : चर्मपत्रावर किंवा कापडावर आखणी करून, एकाच दोऱ्याने हवेत टाके घालत नेलेली. दुसरी बॉबिनची : उशीवर टाचण्या टोचून, लाकडी बॉबिनांना गुंडाळलेल्या दोऱ्यांच्या जोड्या एकमेकींत गुंफत केलेली. तिच्यात मूळ हालचाली दोनच, दोरे ओलांडणे आणि पिळणे. बाकीचे सगळे त्यांच्या क्रमातून घडते. क्रोशा आणि टॅटिंग हे नंतर मोठे झालेले नातेवाईक. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत मुख्यतः आले ते हेच दोघे, आणि त्यातही क्रोशा : माठावरचा मण्यांचा रुमाल, रेडिओचे आच्छादन, दारावरचे जाळीचे 'सुस्वागतम्'.

लेसच्या नमुन्यांची पुस्तके छपाईच्या पहिल्या शतकातच निघू लागली. १५५७ साली व्हेनिसमध्ये 'ले पॉम्पे' हे बॉबिन लेसच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले. १५८७ साली फेदेरिको विंचोलो या व्हेनिसच्या माणसाने पॅरिसमध्ये आपले पुस्तक काढले आणि ते फ्रान्सच्या राणीला अर्पण केले. ही पुस्तके पाहताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते : ती चित्रांची आहेत. लेस झाल्यावर कशी दिसेल हे ती दाखवतात. ती करायची कशी, हे शिकवणे त्यांचा उद्देशच नाही. वाचणारीला ते येते, हे गृहीत आहे. म्हणजे आईची 'पुढे नेहमीसारखे' ही ओळ तिथे पहिल्या पानापासून अदृश्य शाईने छापलेली आहे.

या रांगेत मला सर्वांत जवळचे वाटते ते १५६१ साली झुरिचच्या फ्रोशाउअर छापखान्यातून निघालेले बॉबिन लेसचे पुस्तक. विंचोलोचे संपूर्ण नाव आपल्याला माहीत आहे. या पुस्तकावर मात्र आर. एम. एवढीच आद्याक्षरे आहेत. ती एक स्त्री होती, बारा वर्षे ही कला शिकवत होती, आणि १५३६ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर ही लेस आपल्या मुलखात आली, असे ती प्रस्तावनेत सांगते. लेसच्या साहित्यात शिक्षिकेचा आवाज इतक्या आधी ऐकू यावा, ही मोठी गोष्ट आहे. ती कला कुठून आली ते नोंदवते, आपण किती वर्षे शिकवतो ते नोंदवते, आणि स्वतःचे नाव तेवढे लिहीत नाही. समीक्षक म्हणून मला या गाळलेल्या नावात आणि आईच्या गाळलेल्या फेरीत एक साम्य दिसते. शेजारी बसलेल्यांना जे माहीतच आहे, ते लिहायचे कशाला, असा दोघींचा हिशेब असावा.

२

शेजारच उरला नाही तर काय होते, याचे उदाहरण व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर सापडते. बुरानोची सुईची लेस एके काळी युरोपभर नावाजलेली. १६६५ मध्ये फ्रान्सच्या कोल्बेर या मंत्र्याने सरकारी आश्रयाने लेसची केंद्रे उभारली, तेव्हा त्याने कारागीर आणले ते व्हेनिसहून. एकोणिसावे शतक अर्धे सरले तोवर बुरानोतली ही कला जवळजवळ संपली होती. १८७२ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात खाडी गोठली, मासेमारी बंद पडली आणि बेटावर उपासमार आली. मदतीसाठी पुढे आलेल्यांत पाओलो फाम्ब्री आणि काउंटेस आन्द्रिआना मार्चेल्लो होते. लेस पुन्हा सुरू करावी, असा त्यांचा विचार. पण ती येणारी एकच म्हातारी उरली होती : सत्तरीतली चेंचा स्कार्पारिओला.

अडचण अशी की चेंचाला लेस येत होती, शिकवता येत नव्हती. हात चालायचे, हात काय करतात ते तिला सांगता येत नसे. तेव्हा गावच्या मुलींच्या शाळेतली शिक्षिका आन्ना बेलोरिओ द'एस्ते तिच्यासमोर जाऊन बसली. चेंचा करी, ती पाही. पाहता पाहता तिने त्या हालचालींचे तुकडे पाडले, त्यांना क्रम दिला आणि मग मुलींना शिकवले. त्यातून उभी राहिलेली शाळा १९७० पर्यंत चालली. आज तिच्या जागी लेसचे संग्रहालय आहे.

ही कथा सहसा 'एका म्हातारीने कला वाचवली' अशी सांगितली जाते. माझ्या मते तिच्यात दोन नायिका आहेत, आणि दुसरीचे काम अधिक दुर्मीळ आहे. येणे आणि शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. आपल्याकडे पहिलीचे कौतुक होते, तिला शाल-श्रीफळ मिळते. दुसरीला 'बाई शिकवतात' यापलीकडे शब्द मिळत नाही.

लिहिण्याने सगळे भागते असेही नाही. फ्रान्समधल्या आलाँसाँची सुईची लेस युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिचा एक चौरस सेंटिमीटर करायला सुमारे सात तास लागतात, आणि ती पूर्ण हस्तगत व्हायला सात ते दहा वर्षे. एवढी पुस्तके, एवढी छायाचित्रे असूनही तिथले शिक्षण आजही तोंडी आहे : जाणतीच्या शेजारी शिकाऊ मुलगी बसते. म्हणजे 'पुढे नेहमीसारखे' हा केवळ आईचा आळस नव्हता. टाक्याच्या भाषेचा तो स्वभावच आहे.

३

तरीही लिहिण्याचा एक भव्य प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. ऑस्ट्रियात जन्मलेल्या तेरेझ द दिलमाँ यांचा शिवण-विणकामाचा ज्ञानकोश १८८६ मध्ये निघाला. विणकाम, क्रोशा, टॅटिंग, भरतकाम, लेस या सगळ्यांचे टाके त्यात आकृत्यांसह क्रमवार दिले आहेत. पुस्तक अनेक भाषांत गेले आणि आजही छापले जाते. त्याच्या गद्याचे मला कौतुक आहे. सुई कुठून आत जाते, दोरा कोणत्या बोटावरून येतो, हे एकही विशेषण न वापरता सांगणे किती अवघड असते, ते ज्याने एकदा लिहून पाहिले त्यालाच कळेल.

पण हा ज्ञानकोश डीएमसी या दोऱ्याच्या कंपनीच्या सहकार्याने झाला, हेही विसरता येत नाही. नमुन्यांच्या सोबतीला त्याच कंपनीच्या दोऱ्यांची शिफारस येते. हा काही गुन्हा नव्हे. दोरा विकायचा तर टाका शिकवलाच पाहिजे. पण त्यामुळे पुस्तकाची वाचक ठरून जाते : दोरा विकत घेणारी, घरी बसून सुंदर वस्तू करणारी स्त्री. ती वस्तू विकून पोट भरणारी स्त्री या पुस्तकाची मुख्य वाचक नाही. टाक्याला किती दोरा लागेल ते समजते. किती वेळ लागेल, हा प्रश्न पडत नाही.

इथे भाषेचाही एक मुद्दा आहे. इंग्रजीत क्रोशाच्या टाक्यांची नावे फसवी आहेत. अमेरिकेत जो 'सिंगल', तोच ब्रिटनमध्ये 'डबल'. अमेरिकेचा 'डबल' हा ब्रिटनचा 'ट्रेबल'. पुस्तक कुठले आहे हे न पाहता विणायला बसले की माप चुकलेच. आईच्या पिढीने हे आकडे घेतलेच नाहीत. तिने टाका पाहिला आणि नाव ठेवले : उभा राहतो तो खांब, सुईवर दोरा न घेता घातलेला, उंचीच न धरणारा तो मुका खांब, आणि दोहोंच्या मधला अर्धा खांब. मोजणीपेक्षा रूपावर बेतलेली ही परिभाषा मला अधिक निर्दोष वाटते. ती कुठल्या समितीने केली नाही. दुपारच्या वेळी ओटीवर बसलेल्या बायकांनी एकमेकींना समजावताना ती केली. मराठीत परिभाषा कशी घडावी यावर आपण पुष्कळ वाद घातले. ती घडताना पाहायला ओटीवर मात्र कुणी गेले नाही.

नमुन्यांची नावेही अशीच. वहीत 'स्टेशनवाल्या काकूंचे अननस' आहे, 'मागच्या खोलीतल्या वहिनींची वेल' आहे, 'नर्सबाईंचा पंखा' आहे. ज्या बाईकडून नमुना आला, तिची खूण नावात ठेवायची, हा त्या वाड्याचा अलिखित कायदा होता. नमुना कुणीही घ्यावा, पण कुणाचा ते सांगावे. झुरिचच्या आर. एम.ला तिच्या छापखान्याने जे दिले नाही, ते स्टेशनवाल्या काकूंना आईच्या वहीने दिले आहे.

४

इथवर वाचून वाचकाला वाटेल की ही देवघेवीची गोड कहाणी आहे. मलाही तसेच वाटत होते. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी लिहिले : "आमच्या आयांच्या पिढीने फावल्या वेळातला छंद म्हणून ही कला जोपासली." हेच ते विधान. ते मागे घ्यायला मला दोन गोष्टींनी भाग पाडले. एक पुस्तक, आणि त्या वहीची मागची पाने.

पुस्तक मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचे : नरसापूरच्या लेस करणाऱ्या स्त्रियांवरचे, १९८२ साली निघालेले. मीस आपल्याला अगदी परक्या नाहीत. १९६० च्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवत होत्या, आणि पुढे शहाद्याच्या चळवळीवरही त्यांनी लिहिले. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी लेस नेली. आधी गरीब ख्रिस्ती बायका ती करू लागल्या, मग इतर जातींच्या. क्रोशाची ही लेस परदेशी जाते. मीस यांनी दाखवले ते असे : हजारो बायका दिवसाचे कित्येक तास विणतात, व्यापारी आणि निर्यातदार पुरुष त्यावर मोठे होतात, आणि बायकांची मजुरी किमान वेतनाच्या जवळपासही जात नाही. हे चालते कसे? कारण त्या कामगार आहेत असे कुणी मानतच नाही. त्या 'गृहिणी' आहेत आणि लेस हा त्यांचा 'फावल्या वेळातला' उद्योग. विशेषतः कापू जातीच्या बायकांना घराबाहेर मजुरीला न जाणे हे प्रतिष्ठेचे लक्षण वाटे, आणि त्या प्रतिष्ठेनेच त्यांचे श्रम स्वस्त केले. शिवाय कामाचे तुकडे झाले : कुणी फक्त फुले विणायची, कुणी ती जोडायची.

'फावला वेळ' हे शब्द तिथे वाचले आणि मी थांबले. माझ्या लेखात ते मी कौतुकाने वापरले होते. तिथे तेच शब्द मजुरी पाडायला वापरले जात होते.

मीस यांच्या पुस्तकाला मर्यादा आहे, ती समीक्षक म्हणून सांगितली पाहिजे. त्यांच्या बायका विणतात, पण विणताना त्यांना काय वाटते, एखादा अवघड नमुना सुटल्यावर होणारा आनंद त्यांच्या वाट्याला येतो का, हा त्यांच्या प्रश्नाचा विषय नाही. दिलमाँच्या पुस्तकात टाका आहे, विणणारीचा दिवस नाही. मीस यांच्या पुस्तकात दिवस आहे, टाक्याची गोडी नाही. एकीच्या पुस्तकात राबणारी बाई कमी पडते, दुसरीच्या पुस्तकात रसिक बाई. माझी आई या दोन्ही पुस्तकांत अर्धी-अर्धीच मावते.

कारण वहीची मागची पाने. मी नमुने शोधत होते म्हणून ती कधी उलटवून पाहिली नव्हती. वही उलटी धरली की दुसऱ्या टोकाने हिशेब सुरू होतो. तारीख, वार, दर, आणि 'दोरा वजा'. वार म्हणजे आठवड्याचा नव्हे, मापाचा. गावातल्या एका कापडाच्या दुकानासाठी ती उशांच्या अभ्र्यांना लावायची पट्टी वारावर करून देत असे. दोरा दुकानदार द्यायचा आणि त्याची किंमत कापून घ्यायचा. काही ओळींपुढे 'मळकी म्हणून परत' अशी नोंद आहे, आणि त्या ओळीत पैशांची जागा कोरी आहे. एके ठिकाणी, माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, रकमेपुढे दोन शब्द : 'फी दिली.'

ती फी कुठून आली, हे मला चाळीस वर्षे ठाऊक नव्हते. आणि मी लिहिले होते : छंद.

पोर्तुगीज भाषेत 'रेंदा' म्हणजे लेस, आणि 'रेंदा' म्हणजे भाडे, उत्पन्न. गोव्यात माडाची सूर काढणाऱ्याला 'रेंदेर' म्हणतात, तो या दुसऱ्या अर्थावरून. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे असा माझा दावा नाही. पण एकाच उच्चारात जाळी आणि मिळकत दोन्ही मावतात, हे त्या भाषेने मला आयते दाखवले. आईच्या वहीलाही अशाच दोन बाजू होत्या. मी एकीकडूनच वाचत होते.

५

हा प्रश्न जुन्या वहीपुरता असता, तर लेख इथेच संपला असता. पण दर गुरुवारी दुपारी आम्ही दहा-बाराजणी एकीच्या घरी विणायला जमतो. एकमेकींना टाके दाखवतो, वह्या उतरवून घेतो. गेल्या वर्षी आमच्यातली एक गरजेपोटी रुमाल विकू लागली. तिने सांगितलेली किंमत ऐकून दुसरी सहज म्हणाली, "अगं, एवढे कशाला? मी तर हौसेने असेच करून देते." बोलणारीच्या मनात काही वाईट नव्हते. पण पुढच्या महिन्यात पहिलीचे दोन गिऱ्हाईक तुटले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. ज्ञान फुकट द्यावे. नमुना वाटल्याने कमी होत नाही. चेंचाच्या शेजारी कुणी बसले नसते, तर बुरानोची लेस तिच्याबरोबर गेली असती. पण श्रम फुकट दिले, की ते शेजारणीच्या श्रमाचाही भाव पाडतात. 'छंद' या शब्दाखाली आपण दोन्ही एकत्र बांधतो, आणि उदारपणा म्हणून जे करतो त्याची किंमत दुसरीच कुणीतरी चुकवते. क्रोशाचे तर विशेषच. सुईची लेस, बॉबिनची लेस यांची नक्कल करणारी यंत्रे दोनशे वर्षांपासून आहेत. क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र मात्र बाजारात नाही. यंत्राचे म्हणून जे मिळते ते ताण्यावर विणलेले अनुकरण असते. म्हणजे खऱ्या क्रोशाचा स्वस्त कपडा दुकानात दिसला, की तो कुणाच्या तरी हाताने केलेला असतो, आणि स्वस्त असण्याचे कारण ते हातच असतात.

सगळ्याचेच मोल पैशात करा, असे मी म्हणत नाही. आई पैशासाठी पट्ट्या करी आणि पट्ट्या झाल्यावर रात्री दिव्याखाली स्वतःसाठी अननस विणी. तिला विचारले असते, तर दोन्हींतला फरक तिने सांगितला असता. मी विचारले नाही.

त्या फुलाचे कोडे अखेर सुटले. वाड्यातल्या मागच्या खोलीतल्या वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत, लेकीकडे असतात. मी वही घेऊन गेले. त्यांनी चष्मा न लावता सुई घेतली, आठ घरांपैकी एका घरात काहीतरी केले आणि पाकळी उमटली. "काय केलंत?" म्हटले, तर म्हणाल्या, "काय म्हणजे? नेहमीसारखंच." मग मी आन्ना बेलोरिओचे अनुकरण केले. त्यांना हळू करायला सांगितले आणि शेजारी बसून लिहीत गेले. प्रत्येक घरात : १ मुका खांब, १ अर्धा खांब, ३ खांब, १ अर्धा खांब, १ मुका खांब. कडेचे टाके बुटके, मधले उंच, म्हणून पाकळी गोल येते आणि फूल सपाट बसते. आठ घरे, आठ पाकळ्या.

अकराव्या पानावर 'पुढे नेहमीसारखे' या ओळीखाली मी ती फेरी लिहिली, आणि खाली त्यांची खूण. आमच्या गुरुवारच्या वहीत आता प्रत्येक नमुन्याच्या शेवटी दोन ओळी असतात : कुणाकडून आला, आणि करायला किती तास लागतात. आईच्या फुलापुढे मी पाऊण तास असे लिहिले आहे. वहिनींना ते दाखवले, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "पाऊण तास तुला लागतो गं. तुझ्या आईला पंधरा मिनिटं पुरायची." मी तेही लिहून ठेवले.